केटी बॅचचा ड्रमर

मिरवणुकीत वाजवणाऱ्याने वाद्याकडे बघायचं नसतं, नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघायचं असतं. सम्राट टेम्पोच्या हौद्यातून बाहेर डोकावण्याइतका उंच झाला, तेव्हाच त्याच्या वडिलांनी, कचरूआप्पांनी, त्याला हे सांगून ठेवलं होतं. आप्पांची बेंजो पार्टी होती. पुढे माणसं नाचायची, मागून टेम्पो सरकायचा आणि टेम्पोत आप्पा ड्रमच्या मागे उभे असायचे. पाय हलके उचलायला लागले की ठेका जरा चढवायचा. बायका, म्हातारी माणसं पुढे आली की उतरवायचा. आणि नाचता नाचता कुठे दोन पाय जमिनीत रोवल्यासारखे थांबले, की समजायचं, तिथे आता भांडण पेटणार. मग विचार करत बसायचं नाही. ठेका सरळ निम्म्यावर आणायचा.

"संथ ठेक्यावर मानसाला मारामारी करता येत न्हाई," आप्पा म्हणायचे. "हात उचलायला अंगात वेग लागतो. त्यो वेग आपून काढून घ्यायचा."

हे खरं की खोटं, हे सम्राटने कधी तपासून पाहिलं नव्हतं. पण आप्पांच्या टेम्पोसमोर कुणाचं डोकं फुटल्याचं त्याला आठवत नव्हतं.

अशाच एका जयंतीच्या मिरवणुकीत धवलने सम्राटला वाजवताना पाहिलं. धवल नगरच्या सावेडीतला, निवृत्त प्राध्यापकांचा मुलगा. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला तो असा काही चिकटून बसला होता की खालच्या वर्गातली पोरं त्याला पार करून नोकरीला लागली. गिटार मात्र चांगली वाजवायचा आणि गाणी स्वतः लिहायचा. मिरवणूक थांबल्यावर तो टेम्पोजवळ आला आणि म्हणाला, "भावा, तू जे वाजवतोस ना, त्याला बाहेर पॉप-पंक म्हणतात."

"असंल," सम्राट म्हणाला. "इथं जयंती म्हणतात."

धवलने त्याला मोबाईलवर गाणी पाठवली. सम्राटने ती नागापूरच्या कारखान्यात कामावर जाताना बसमध्ये ऐकली. जोरात गिटार, त्याहून जोरात ड्रम, आणि वर कुणीतरी रडवेल्या आवाजात ओरडतोय की मला कुणी समजून घेत नाही. संध्याकाळी त्याने धवलला फोन केला. "हे तर आपल्या चौकातलंच आहे राव. नुसते कपडे वेगळे."

तिसरी भार्गवी. ती फिजिक्समध्ये बीएस्सी झालेली होती आणि बेस गिटार वाजवायची. बँडचं नाव तिनेच ठेवलं, केटी बॅच. नापास झालेले विषय डोक्यावर घेऊन पुढच्या वर्गात बसणाऱ्यांची ती बॅच. गंमत अशी की त्या तिघांत केटी लागलेला फक्त धवल होता. भार्गवी विद्यापीठात वरच्या नंबरात होती, आणि सम्राटचा मेकॅनिकलचा डिप्लोमा फर्स्ट क्लासचा होता. पत्रा दाबून सुटे भाग बनवणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये तो कायम नोकरीला होता. सुट्टीच्या दिवशी त्याच कारखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते सराव करायचे. पत्रा असा काही घुमायचा की रस्त्यापलीकडचा चहावाला म्हणायचा, "तुमचं मशीन एकदा मेकॅनिकला दाखवून घ्या."

त्यांचं सगळ्यात चाललेलं गाणं त्या चहावाल्याच्या टपरीवरच सुचलं.

*घरी सांग, पोरगं पुण्यात आहे,*
*पोरगं नागापूरच्या चहावर उभं आहे.*
*घरी सांग, पोरगं मजेत आहे,*
*पोरगं अजून त्याच इयत्तेत आहे.*

हे गाणं घेऊन ते जिल्हाभर फिरले. देवळाली प्रवऱ्याच्या एका स्नेहसंमेलनात पहिलं कडवं संपतंय न संपतंय तोच सूत्रसंचालकाने माइक ओढून घेतला, कारण प्रमुख पाहुणे आले होते. पाहुण्यांना शाल, श्रीफळ, मग पाहुण्यांबरोबर आलेल्यांना शाल, श्रीफळ. तोवर धवल हात वर करून, डोळे मिटून तसाच उभा. शेवटी सूत्रसंचालक म्हणाले, "हं, चालू द्या आता तुमचं ते ओरडायचं." पोरं हसली, आणि पुढचं कडवं आधीपेक्षा दुप्पट जोरात झालं.

पण नाव झालं ते बेलापूरला. तिथल्या एका किराणा व्यापाऱ्याची मुलगी पंकजा हिने त्यांना कॉलेजात ऐकलं होतं, आणि लग्न ठरल्यावर ती हटूनच बसली. डीजे नको, केटी बॅच पाहिजे. वडिलांनी समजावलं, मामांनी समजावलं. शेवटी भर दुपारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जनरेटर, गिटार आणि ड्रम चढवून वरात निघाली. व्यापारी ट्रॉलीच्या बाजूने चालत दर दोन मिनिटांनी सम्राटला म्हणत होता, "मास्तर, जरा सनईसारखं काही होईल का?"

सम्राटला सनईही ऐकू येत नव्हती आणि व्यापारीही. पुढे पाय होते. बुटातले, चपलेतले, मेंदीतले. शेवटच्या ध्रुवपदाला पाय जमिनीला टेकेनासे झाले, तसा तो ठेका चढवत गेला, आणि नवरीच स्वतः शालू खोचून उड्या मारायला लागली. कुणीतरी ते मोबाईलवर टिपलं. आठवड्याभरात तो व्हिडिओ महाराष्ट्रभर झाला. खाली लिहिलेलं होतं, 'अहिल्यानगरचा पहिला पॉप-पंक बँड'. नगरची माणसं तो नगरचा बँड म्हणून एकमेकांना पाठवत राहिली.

त्या व्हिडिओवरून केदारचा फोन आला. केदार मूळचा राहुरीचा, पण आता पुण्यात गाणी ध्वनिमुद्रित करून बाजारात आणण्याचा धंदा करत होता. त्याच्या बोलण्यात उद्धटपणा अजिबात नव्हता. उलट तो इतका समजूतदार होता की त्याच्याशी भांडायला जागाच सापडत नसे.

पुण्याच्या स्टुडिओत सम्राटला एका खोलीत बसवलं. भिंतींना स्पंज लावलेला, समोर जमिनीपर्यंत जाड काच. कानात हेडफोन आणि हेडफोनमध्ये टक, टक, टक. ठरलेल्या वेगाची ती टकटक म्हणजे क्लिक. तिला धरून वाजवायचं, म्हणजे नंतर गाण्याचे तुकडे कसेही कापून जोडता येतात.

सम्राटने वाजवलं. पहिलं कडवं जुळलं. ध्रुवपदाला तो क्लिकच्या पुढे निघून गेला. पुन्हा वाजवलं. पुन्हा तिथेच गेला.

"तू पळतोस," केदार काचेपलीकडून माइकवर म्हणाला.

"मी पळत नाही. गाणं पळतं."

"गाणं तूच वाजवतोयस ना, मित्रा?"

दुपार झाली. सम्राटचे हात घामाने निसटायला लागले. समोर काचेत त्याला फक्त स्वतःचा चेहरा दिसत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो पाय न बघता वाजवत होता. भार्गवीच्या ते लक्षात आलं. ती उठून काचेपाशी गेली, चपला काढल्या आणि अनवाणी उड्या मारायला लागली. काचेतून सम्राटला तिचे पाय दिसले. त्या वेळचं वाजवणं असं झालं की चहा घेऊन आलेला माणूस ट्रे हातात धरून दारातच थांबला. पण क्लिक मात्र कुठल्या कुठे राहिली होती.

केदारने मान हलवली. भार्गवीने बॅगेतून लॅपटॉप काढला. तिने त्यांच्या सगळ्या जुन्या व्हिडिओंमधला वेग मोजून आलेख काढले होते.

"हे बघ," ती केदारला म्हणाली. "हात चुकत असता तर चूक दर वेळी वेगळी आली असती. कधी पुढे, कधी मागे. हा दर वेळी त्याच जागी चढतो, जवळजवळ तेवढाच चढतो. याला चूक म्हणत नाहीत. हा गाण्याचा भाग आहे."

केदारने आलेख नीट पाहिला. खरंच नीट पाहिला. "तुझं बरोबर आहे," तो म्हणाला. "पण मला हे कापता येणार नाही. याचं रील होणार नाही, डीजेवाला याला दुसरं गाणं जोडू शकणार नाही. लोक बेलापूरला येऊन ऐकणार नाहीत गं. लोक फोनवर ऐकणार."

मग तो धवलशी बाजूला जाऊन बोलला. धवल परत आला तेव्हा सम्राटच्या खांद्यावर हात ठेवूनच बोलायला लागला. हात आधी येतो तेव्हा पुढे काय येणार, हे सम्राटला कळलं.

"रेकॉर्डवर फक्त. कॉम्प्युटरचे ड्रम लावतोय. नाव तुझंच राहील. स्टेजवर तर तूच आहेस ना, भावा."

"आणि घरी काय सांगू?"

धवल हसला. त्याला वाटलं सम्राट गाण्याची ओळ म्हणतोय.

गाणं बाहेर आलं आणि तुफान चाललं. नागापूरच्या कंपन्यांत जेवणाच्या सुट्टीत, रिक्षात, लग्नात. त्याचं चित्रीकरण करायला केदार सम्राटच्या वस्तीतच आला, कारण त्याच्या भाषेत तिथे 'रंग' होता. आप्पांना त्यांच्या पार्टीसह टेम्पोवर उभं केलं. स्पीकरवर गाणं लावलं, आणि आप्पांनी नुसते हात हलवायचे. सम्राटची आई विमलबाईंनी सगळ्यांना पोहे केले. सम्राटने ठरवलं होतं की चित्रीकरण उरकलं की आप्पांना बाजूला घेऊन खरं काय ते सांगायचं.

पण आप्पाच त्याला बाजूला घेऊन गेले. टेम्पोच्या मागे. त्यांचे डोळे भरून आले होते.

"लई सरळ वाजवलंस रं," ते म्हणाले. "एक बी ठोका हिकडं तिकडं न्हाई. सुरवातीपून शेवटापत्तुर एक रेघ. मी जलमभर वाजवलं, पन मला कदी आसं जमलं न्हाई."



"तुमच्याकडूनच शिकलो, आप्पा," सम्राट म्हणाला.

हे एकदा तोंडातून गेल्यावर ते मागे घेणं दिवसेंदिवस अवघड होत गेलं. वस्तीत आप्पा मोबाईल कानाशी धरून माणसांना थांबवायचे, "ऐका, ह्यो आमचा सम्राट." मुलाखतींमध्ये धवल सांगायचा की आमचा ड्रमर तळागाळातून वर आलाय, नापासांचं दुःख त्याने जगलंय. एकदा मुलाखत घेणारीने सम्राटला विचारलं, "नापास झाल्यावर घरचे काय म्हणाले?" तो म्हणाला, "मी कधी नापास झालो नाही." तेवढं वाक्य कापून टाकलं होतं.

स्टेजवरही आता तो एकटा नसायचा. लॅपटॉपमधून रेकॉर्डवरचे ड्रम चालू असायचे, त्याच्या कानात क्लिक असायची, आणि त्याच्या ड्रमसमोरचे माइक केदारने जवळजवळ बंद ठेवलेले असायचे. "तू वाजव, अगदी जोरात वाजव," केदार समजुतीने म्हणायचा. "फक्त लोकांना रेकॉर्डसारखं ऐकायची सवय झालीय ना." सम्राट जोरात वाजवायचा. रबराच्या भिंतीवर हात मारल्यासारखं वाटायचं. भार्गवीने एकदा सोडून जायची भाषा केली. त्यानेच तिला थांबवलं. आप्पांनी येत्या फेब्रुवारीत नगरच्या कार्यक्रमाला यायचं ठरवलं होतं. तेवढा एक कार्यक्रम होऊ दे, तो म्हणाला.

कार्यक्रम ज्या कॉलेजच्या मैदानावर होता, तिथेच धवलची केटी राहिली होती. उन्हं उतरत होती. पोरं मैदानभर. पहिल्या रांगेत खुर्चीवर आप्पा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसले होते, शेजारी विमलबाई. धवल माइकपाशी आला आणि ओरडला, "नगरकर!" मैदान उसळलं.

गाणं सुरू झालं. कानात टक, टक, टक. सम्राटने नेहमीसारखी मान वर केली आणि पाय बघायला लागला. आता त्याचा काही उपयोग नव्हता, पण सवय गेली नव्हती. डावीकडे बांबूच्या कठड्यापाशी पाचसहा पोरं उड्या मारत होती. दुसऱ्या ध्रुवपदाच्या आधी त्यातल्या एकाचे पाय थांबले. मग त्याच्या समोरच्याचे. चारही पाय रोवलेले. त्यांच्या वरचे चेहरे अजून हसत होते.

सम्राटचे हात त्याला न विचारता निम्म्यावर आले.

स्पीकरमधलं गाणं होतं त्याच वेगाने पुढे पळत राहिलं. सम्राटचा ठेका स्टेजपुरताच ऐकू येत होता. धवलने दचकून मागे पाहिलं. कानात केदारचा आवाज आला, "क्लिक धर. सम्राट, क्लिक धर." सम्राटने कानातलं उपटून काढलं आणि काठी उलटी धरून, सगळी ताकद लावून तो संथ ठेका आपटायला लागला. भार्गवीने त्याच्याकडे पाहिलं, मग तो बघत होता तिकडे पाहिलं, आणि तिने आपला बेस त्याच्या ठेक्यावर आणला. तिचा बेस मात्र स्पीकरमधून येत होता. त्यामुळे आता मैदानावर दोन गाणी एकमेकांच्या अंगावर पडत होती, एक पळणारं आणि एक रांगणारं. पोरं हसायला लागली, मग शिट्ट्या, मग "झोपला रे झोपला".

तेवढ्यात कठड्यापाशी पहिला हात उठला. बांबू निघाला. खुर्च्या उडाल्या. लॅपटॉपमधले ड्रम, जसे स्टुडिओत भरले होते तसेच, एकही ठोका इकडे तिकडे न होता वाजत होते. केदारने ते बंद करेपर्यंत एका पोराच्या कपाळातून रक्त येत होतं, आणि आप्पा विमलबाईंना हाताला धरून गर्दीतून बाहेर काढत होते.

दुसऱ्या दिवशी मोबाईलवर भांडणाचा व्हिडिओ कुणी फारसा पाहिला नाही. पाहिला तो ड्रमर चुकल्याचा. त्यावर धवलने लिहिलं की तांत्रिक चुकीबद्दल दिलगीर आहोत, नव्या ड्रमरसह लवकरच भेटू. सम्राटला त्याने फोन केला नाही. 

भार्गवी मात्र घरी आली. तिने बँड सोडला होता आणि पुढच्या शिक्षणाला ती बंगळुरूला जाणार होती. दोघं वस्तीच्या तोंडाशी उभे राहिले.

"मी सांगते आप्पांना," ती म्हणाली. "माझ्याकडे सगळं आहे. बेलापूरचं, स्टुडिओतलं, कालचं. त्यांना ऐकवते. एका मिनिटात कळेल त्यांना, कुठलं तुझं आणि कुठलं नाही."

"कळेल," सम्राट म्हणाला. "म्हणूनच नको."

"अरे, तू बरोबर होतास. सगळ्या मैदानात तू एकटा बरोबर होतास."

"मग काय, सर्टिफिकेट देणारेस?"

तिने बॅग खांद्याला लावली. म्हणाली, "चिडायचंय तर त्यांच्यावर चीड, माझ्यावर कशाला?" आणि गेली.

 तिसऱ्या दिवशी जेवताना आप्पांनी ताट जरा पुढे सरकवलं.

"येक सांग. रेकॉर्डवर येवढं न चुकता वाजवलंस. मंग आपल्याच गावात, आपल्याच मानसांपुढं आसं का केलंस?"

सम्राट भाकरीकडे बघत राहिला. सांगायचं तर आत्ताच. आप्पा, ते रेकॉर्डवरचं यंत्राचं होतं. मैदानावरचं माझं होतं. तुम्हीच सांगितलं होतं ना, पाय थांबले की वेग काढून घ्यायचा. मी काढून घेत होतो, पण माझ्या हातात काही ठेवलेलंच नव्हतं. एवढंच सांगायचं होतं. ते सांगितलं असतं तर आप्पांना कदाचित पोराचा अभिमान वाटला असता. पण मग टेम्पोमागे भरून आलेले ते डोळे कुणासाठी होते, हेही त्यांना कळलं असतं. आयुष्यभर आपल्याला जमलं नाही म्हणून ज्याच्यापुढे मान तुकवली, तो पोरगा नव्हताच, डबा होता.

"मी ष्टेजच्या अगदी जवळ बसलो हुतो. स्पीकरमदनं तुजंच रेकॉर्ड वाजत हुतं, त्याला बी तू धरलं न्हाईस," आप्पा म्हणाले. "मला वाटलं, तुजं लक्ष दुसरीकडंच हाय."

"घाबरलो, आप्पा," सम्राट म्हणाला. "लोक बघून घाबरलो."

आप्पांनी मान हलवली. "व्हतं आसं," ते म्हणाले, आणि त्याच्या ताटात स्वतःच्या हाताने कालवण वाढलं. विमलबाई त्याच्याकडे बघत राहिल्या.

एप्रिलमध्ये जयंती आली. सम्राट कामावरून सुटून थेट चौकात गेला. आप्पांचा टेम्पो निळ्या झेंड्यांनी सजवला होता. हौद्यात जुने ड्रम नव्हते. त्यांच्या जागी स्टँडवर एक चपटं, काळं पॅड होतं. बटण दाबलं की ठेका आपोआप चालू राहायचा, वरून काठीने नुसतं सजवायचं. आप्पांनी कुणाकडून तरी त्यात केटी बॅचच्या गाण्याचा ठेका भरून घेतला होता. हल्ली कार्यक्रमाची सुपारी देणारे तोच मागायचे.

"ह्यो ठेका आमच्या सम्राटचा हाय बरं का," आप्पा माइकवरून म्हणाले. "साऱ्या महाराष्ट्रात वाजतुया." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी सम्राटला उचलून वर धरलं. त्याने हात जोडले. मग त्याला खाली उतरवलं आणि मिरवणूक पुढे सरकली.

ठेका एका रेघेत चालला होता. गर्दी दाटत गेली. उजवीकडे, झेरॉक्सच्या दुकानापुढे, नाचणाऱ्यांच्या मधोमध दोन पाय थांबले. निळ्या स्लिपर होत्या. समोर काळे बूट, तेही थांबले.

सम्राट वळला आणि टेम्पोकडे बघून दोन्ही हात वर केले. "आप्पा! आप्पा, उतरवा!"

आवाज पोहोचला नाही. हौद्यात आप्पा वाकून पॅडकडे बघत होते. त्यावरचा छोटा लाल दिवा ठेक्याबरोबर लागत होता, विझत होता, आणि एकही ठोका चुकू नये म्हणून त्यांनी त्यावर डोळे रोवले होते.